आजोबांच्या वाट्याला नुसतं अळणी नको

रविवारी मटण शिजलं की कोल्हापुरात पहिली वाटी भरते ती अळणीची. हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलेल्या मटणाचं पाणी, चटणी पडायच्या आधीचं. ते गरमगरम द्यायचं लहान पोरांना आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना. पोरं त्यानंतर जेवायलाही बसतात. दाढा गेलेल्या आजोबांचं जेवण मात्र बऱ्याचदा तिथंच संपतं. अळणीत कुस्करलेला भात, वर थोडा पांढरा रस्सा, झालं. फोडी बाकीच्यांच्या ताटात जातात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, कारण ताकद सगळी पाण्यात उतरते अशी आपली पक्की समजूत आहे.

ती उतरत नाही. अळणी पाण्यात मीठ उतरतं, थोडी चरबी उतरते, हाडांतला चिकटपणा थोडा उतरतो. चव तर उतरतेच. स्नायूंना लागणारी प्रथिनं मात्र बहुतेक फोडीतच राहतात. म्हणजे ज्याचे स्नायू वयानं झडतायत त्याला पाणी, आणि ज्याला जिमला जाऊन तब्येत कमवायचीय त्याला फोडी. ही वाटणी दातांनी केलेली असते. ती बदलायची तर तोंडाकडेही बघावं लागतं आणि चुलीकडेही. नुसता दातांचा डॉक्टर गाठून भागत नाही, आणि नुसती 'ताकदीची पावडर' आणूनही नाही.

ताटातून पदार्थ एका दिवसात जात नाहीत. आधी ऊस आणि भाजलेलं कणीस जातं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मग भाकरीचा पापुद्रा राहतो आणि मऊ भाग तेवढा खाल्ला जातो. मग कच्चा कांदा, काकडी, गाजर. मग पेरू, कारण बिया अडकतात. मग मटकीची उसळ, शेंगदाणे, मटण. शेवटी उरतं ते असं: भात, पातळ वरण, चहात बुडवलेली खारी, टोस्ट, केळं, शिरा, साबुदाण्याची खिचडी. पोट भरतं. माणूस 'नीट जेवतो' असं घरचे सांगतात. पण प्रथिनं, चोथा, लोह आणि क जीवनसत्त्व ज्यांत होतं तेच नेमकं गेलेलं असतं. बद्धकोष्ठ सुरू होतं, त्यावर रोज रात्री चूर्ण सुरू होतं, आणि कारण दाढेत आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

विचारलं तर म्हातारी माणसं कधी 'चावत नाही' म्हणत नाहीत. 'आता इच्छाच होत नाही' म्हणतात. म्हणून विचारण्यापेक्षा पंगतीत शेजारी बसून बघावं. जेवायला आधी वीस मिनिटं लागायची तिथं आता पाऊण तास लागतो का? ताटाच्या कडेला चावून काढलेला चोथा दिसतो का? एकाच बाजूनं चावतात का? प्रत्येक घासाला पाणी लागतं का? चारचौघांत, लग्नात, जत्रेत जेवायचं टाळतात का? बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, धोतर किंवा पँट कमरेला थांबेना, हे तर उशिराचं लक्षण. सहा महिन्यांत ठरवून न करता वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट झाली, म्हणजे ५५ किलोच्या बाईचं पावणेतीन किलोहून जास्त वजन गेलं, तर डॉक्टरला दाखवायचंच. वजनकाटा नसेल तर बसलेल्या माणसाच्या पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती त्याच्याच दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून कडं करायला सांगा. कडं पोटरीवर सैल पडलं, मध्ये फट राहिली, तर स्नायू झडलेत असं धरून चाला.

आता हिशोब. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं प्रमाण किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं असं आहे. म्हातारपणी स्नायू टिकवायचे तर किलोमागं १ ते १.२ ग्रॅम हवीत असं वृद्धांच्या पोषणावर काम करणारे तज्ज्ञ सांगतात. ५५ किलोच्या आजींना म्हणजे ५५ ते ६६ ग्रॅम. वर सांगितलेल्या मऊ जेवणात किती मिळतात ते मोजू. सकाळचा चहा आणि चार बिस्किटं, ४ ग्रॅम. दुपारी वाटीभर मऊ भात आणि पळीभर पातळ वरण, ७. चारचा चहा-टोस्ट, पुन्हा ४. रात्री दूधभात, ८. एखादं केळं, १. सगळे मिळून २५ ग्रॅमच्या आत-बाहेर. गरजेच्या निम्मंही नाही.

यात एक अंडं घातलं की ६ ग्रॅम वाढतात. पातळ वरणाऐवजी ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण किंवा घुटं दिलं तर आणखी ४. भाजीत-आमटीत दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट, म्हणजे अंदाजे २० ग्रॅम, त्याचे ५. पेलाभर दुधात दोन मोठे चमचे बिनसाखरेची दूध पावडर ढवळून दिली तर दूध-पावडर मिळून १२. वाटीभर दही, ५. बेरीज ५७ वर जाते आणि यातल्या एकाही पदार्थाला दाढ लागत नाही. अंडं न खाणाऱ्या घरात ५० ग्रॅम मऊ पनीर कुस्करून भाजीत घाला, त्यात ९ ग्रॅमच्या आसपास असतात. हे सगळं एकदम रात्री न देता तिन्ही वेळांत वाटून द्यायचं. म्हातारपणी स्नायूंना एका वेळेला पुरेशी मात्रा मिळाली तरच ते ती वापरतात, चिमूटभर-चिमूटभर दिलेली फारशी कामी येत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा हिशोब लागू नाही. प्रथिनं किती द्यायची ते तिथं डॉक्टरच ठरवतील.

चुलीवर काय बदलायचं

म्हाताऱ्यांसाठी करायचं म्हणजे सगळं मिक्सरमधून फिरवायचं, ही सर्वांत वाईट सवय. भात, भाजी, आमटी एकत्र वाटून केलेला लगदा दोन दिवस खाल्ला जातो, तिसऱ्या दिवशी माणूस ताट सरकवतो. त्यात त्याची चूक नाही. गिळायलाच त्रास असेल तेव्हा लगदा लागतो. फक्त दात नसतील तर पदार्थ ओळखू यावा आणि हिरडीनं दबावा, एवढंच बघायचं. त्याची परीक्षा सोपी आहे: फोड अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायची. जोर न लावता चेपली, तर हिरड्या तिचं काम करतील. नाही चेपली, तर आणखी शिजवायची.

मटणासाठी दोन वाटा आहेत. खिमा आणायचा आणि खाटकाला तो दोनदा काढायला सांगायचा. इथं चूक होते ती कोरडा खिमा करण्यात. कोरड्या खिम्याचे दाणे तोंडभर पसरतात, कवळीखाली जातात, घशात टोचतात आणि ठसका लागतो. त्यामुळे खिमा नेहमी दाट रश्श्यात धरून ठेवायचा. पांढऱ्या रश्श्यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही. मात्र रश्श्यातले तीळ आणि खसखस भिजवून अगदी बारीक वाटायची आणि वस्त्रगाळ करायची, कारण तिळाचा एक दाणा कवळीखाली गेला की जेवण संपलंच. ७५ ग्रॅम कच्च्या खिम्यात १४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पडतात. दुसरी वाट म्हणजे बिनहाडाच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी. अर्धा किलोला चहाचा एक चमचा कच्च्या पपईचं वाटण लावायचं, अर्धा-पाऊण तास ठेवायचं आणि कुकरला नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं जास्त, मंद आचेवर. पपई रात्रभर लावून ठेवू नका. बाहेरचा थर पिठूळ होतो आणि मटण खाल्ल्यासारखं वाटतच नाही.

तांबडा रस्सा तोडायची गरज नाही. कोरड्या तोंडाला आणि सोललेल्या हिरडीला कांदा-लसूण चटणी झोंबते एवढीच अडचण असते. म्हणून चटणी पडायच्या आधी त्यांच्या वाटणीचा रस्सा बाजूला काढायचा आणि त्यात चवीपुरती चटणी तुपात परतून घालायची. वाफाळता रस्सा मात्र थोडा निवूनच द्या. वरची कवळी टाळू झाकून टाकते, त्यामुळे चटका कळायच्या आत घास घशाशी पोचलेला असतो. माशाच्या काट्याचंही तसंच. नदीच्या काटेरी माशात तर कवळीवाल्याला काटा जाणवतच नाही, घशात अडकल्यावर कळतो.

मटण रोजचं नाहीच. रोजच्याला आपल्या भागात जे आहे ते परदेशी सूपपेक्षा सरस आहे. उडदाचं घुटं घ्या: डाळ मऊ शिजवायची, रवीनं घोटायची, मिरची वाटून न घालता अख्खीच, नुसती चीर देऊन घालायची म्हणजे नंतर काढता येते. हुलग्याच्या पिठाचं माडगं, शेंगदाण्याची आमटी, मुगाचं कढण, सगळी याच कामाची. मटकी मोड आणून उसळ करतात तशीच करा, पण कुकरला मऊ करून निम्मी पळीनं चेपा. उरलेली निम्मी अख्खी ठेवली म्हणजे उसळ उसळीसारखी दिसते. जोंधळ्याच्या कण्या रात्री भिजवून वाटीला चार वाट्या पाण्यात शिजवायच्या आणि ताक आचेवरून उतरवल्यावरच घालायचं, नाहीतर ते फाटतं.

भाकरी सोडायचं कारण नाही. पीठ उकळत्या पाण्यात उकडून मळलं तर भाकरी जास्त वेळ मऊ राहते. तव्यावरून उतरल्या उतरल्या ती कुस्करायची, गरम आमटी ओतायची आणि झाकून दहा मिनिटं ठेवायची. गार झालेली भाकरी मग कितीही भिजवा, तिच्या कडा कडकच राहतात.

भाज्यांमध्ये दुधी, दोडका, लाल भोपळा, पालक-डाळ, मेथीची पातळ भाजी सहज चालतात. कोशिंबीर चिरून न करता किसून करा, दह्यात, बारीक कुटासह. पिकलेल्या पेरूचा गर चाळणीतून दाबून काढला तर बिया वर राहतात, आणि निम्म्या पेरूत दिवसभराचं क जीवनसत्त्व भागतं. ते उष्णतेनं जातं, म्हणून लिंबू पिळायचं ते पातेलं उतरवल्यावर, ताटात. हिरड्यांतून रक्त येणाऱ्याला नुसतं लिंबू-आवळा देऊन मात्र थांबू नका. बहुतेकांच्या हिरड्यांतलं रक्त दातांवर साचलेल्या किटणामुळं येतं, आणि किटण फळानं जात नाही, डॉक्टरकडून साफ करून घ्यावं लागतं.

प्रत्येक वाटीत चमचाभर तूप. कमी घासांत जास्त ऊर्जा जावी, एवढाच त्यामागचा हेतू.

गूळ, चहा आणि दातांची मुळं

आपल्या कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा अभिमान आहेच. पण दातावरच्या जंतूंना गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. गुळातही बहुतांश साखरच असते, वर तो चिकट, दाताला धरून बसणारा. 'साखर सोडली, आता गुळाचाच चहा' म्हणणाऱ्या आजोबांच्या दातांना काही सवलत मिळत नाही.

म्हातारपणी हिरड्या खाली सरकतात आणि दाताचं मूळ उघडं पडतं. दाताच्या वरच्या भागावर कडक कवच असतं, मुळावर ते नसतं. जंतू साखरेचं आम्ल करतात; ते पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. कवच विरघळायला पीएच ५.५ च्या खाली जावा लागतो, मूळ त्याच्या बरंच आधी, ६.५ च्या आसपासच मऊ पडायला लागतं. त्यामुळे कीड वर न दिसता हिरडीच्या कडेनं गोल फिरते, दुखत नाही, आणि एक दिवस दात देठापाशी मोडून हातात येतो. दिवसात साखर किती घेतली याइतकंच ती किती वेळा घेतली याला महत्त्व आहे. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगतेय की अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत हवी. दिवसाला १६०० कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे २० ग्रॅम. चहा बंद करा म्हणून कुणी ऐकणार नाही, ते सांगूही नये. दोनच वेळा, जेवणाला किंवा न्याहारीला धरून, एका बैठकीत पिऊन संपवायचा. तासभर घोट-घोट घेत बसायचं नाही, आणि टोस्ट-खारी ऐवजी उकडलेलं अंडं किंवा उपम्याबरोबर घ्यायचा.

दात घासायला फ्लोराइडची साधी पेस्ट, १००० ते १५०० पीपीएम असं ट्यूबवर लिहिलेली. मऊ ब्रश. रात्रीचं घासणं चुकवायचं नाही, आणि घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. राखुंडी, विटेची पूड, मीठ-कोळसा यांनी उघडी मुळं खाचा पडेपर्यंत झिजतात.

तोंड कोरडं पडतं ते नुसत्या वयानं नव्हे, बऱ्याचदा गोळ्यांनी. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या गोळ्या, नैराश्याच्या काही गोळ्या, लघवी रोखून धरण्यासाठीच्या गोळ्या. लाळ नसेल तर कोरडा घास गिळत नाही, कवळी पकड घेत नाही, कीडही जोरात वाढते. ओळखायचं कसं? आरशासमोर गालाच्या आत बोट फिरवलं तर ते चिकटतं, लाळ दिसलीच तर फेसाळ दिसते. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरपुढं ठेवायची आणि बदलता येण्यासारखी कोणती आहे ते विचारायचं. घरी घोटभर पाणी जवळ ठेवावं, जेवणात ताक-कढी असावी. तोंड ओलं राहावं म्हणून खडीसाखर किंवा लिंबाची गोळी दिवसभर गालात धरणं हा दात घालवायचा सगळ्यात जलद मार्ग आहे.

मिश्रीबद्दल कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत कुणी उघड बोलत नाही, कारण लावणारी बहुतेकदा घरातली सर्वांत वडीलधारी बाई असते. भाजलेली तंबाखू ती. 'दात घट्ट होतात' असं वाटतं, कारण हिरडी बधिर होऊन दुखणं कळेनासं होतं. दुखणं लपतं, हिरडी आणखी सरकते, आणि भूकही मरते. सकाळी मिश्री लावून चहा घेतला की न्याहारीची आठवण होत नाही. तंबाखू-चुन्याची चिमूट असो की मिश्री, ती ज्या जागी धरली जाते तिथं दर महिन्याला उजेडात बघा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, यांतलं काही दिसलं तर थांबू नका. सुपारी-मावा-गुटखा खाणाऱ्याचं तोंड आ केल्यावर त्याची स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील, तर तोंड आखडायला लागलंय. अशा माणसाचं जेवण कमी होण्याचं कारण दातांत शोधून सापडणार नाही.

दात काढल्यापासून कवळी बसेपर्यंत

सर्वांत जास्त वजन जातं ते या मधल्या काळात, आणि त्याची तयारी सर्वांत कमी घरांत असते. शेवटचे दात काढल्यावर हिरडी आणि हाड भरून यायला सहसा दोन-तीन महिने थांबतात. मग मापं, चावा बघणं, मेणावर दात लावून बघणं, असं करत चार-पाच फेऱ्या. म्हणजे चार महिने. चार महिने पेज आणि चहा-बिस्किटावर काढले तर कवळी येते तेव्हा ती वापरण्याइतकी ताकद आणि भूक उरलेली नसते. म्हणून दात काढायची तारीख ठरली की त्याच दिवशी वरच्या हिशोबातलं जेवण सुरू करायचं. सगळे दात एकदम काढण्याऐवजी आधी दाढा आणि नंतर पुढचे, किंवा काढल्या दिवशीच तात्पुरती कवळी, असे पर्याय असतात, ते विचारायचे. एखादा-दुसरा सुळा घट्ट असेल तर तो ठेवून त्यावर कवळी बसवता येते का हेही विचारा, कारण मूळ आहे तोवर तिथलं हाड फारसं झिजत नाही. डेंटल कॉलेजात, उदाहरणार्थ कोल्हापूर जिल्ह्यातल्या नवे पारगावला, खर्च सहसा कमी येतो. फेऱ्या जास्त होतात.

मधुमेह असणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. दात काढला, तोंड सुन्न, जेवण नाही, पण सकाळची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेतलं, तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. त्या दिवशीची मात्रा आधीच विचारून ठेवा, दात सकाळी न्याहारीनंतर काढून घ्या, आणि निवलेलं कढण, ताक, मऊ दहीभात तयार ठेवा. पहिल्या दिवशी गरम काही नको, स्ट्रॉनं ओढून पिणं नको, नाहीतर रक्ताची गुठळी निघून येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, डेंटिस्टला आधी सांगा. हाडं ठिसूळ झाल्याची गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, कारण त्या औषधांवर जबड्याचं हाड क्वचित भरून येत नाही. उलट बाजूनं, हिरड्यांचा आजार नीट साफ करून घेतल्यावर मधुमेह्याची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, साधारण ०.४ अंकांनी खाली येते. ही घट फुकट सोडण्यासारखी नाही.

कवळी आली म्हणजे दात आले, अशी अपेक्षा धरून बसलेला माणूस आठवड्यात निराश होतो आणि कवळी डबीत जाते. संपूर्ण कवळीची चावायची ताकद खऱ्या दातांच्या पाव भाग किंवा त्याहून कमी असते. ती मिळवायलाही शिकावं लागतं. पहिला आठवडा मऊ आणि लहान तुकडे. घास दोन भागांत करून दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा, नाहीतर एका बाजूला दाब पडून दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी तोडायचं नाही. सफरचंद-पेरू तोडायला गेलं की कवळी मागून सुटते. दुसऱ्या आठवड्यात कुस्करलेली भाकरी, तिसऱ्यात चेपलेली उसळ, महिन्याभरानं मऊ मटण. कुठं टोचलं तर दोन दिवसांच्या आत दाखवा. दाखवायला जाताना चार-पाच तास ती कवळी तोंडात ठेवूनच जा. घरी काढून, रुमालात बांधून नेली तर लाल जागा दिसत नाही आणि डॉक्टर अंदाजानं घासतो. घरी पॉलिश कागदानं घासणं, तडा गेला तर झटपट चिकटणाऱ्या डिंकानं जोडणं, दोन्ही नको. अशी घरी बिघडवलेली कवळी नंतर नीट बसवणं अवघड होतं.

रोज रात्री काढायची. बेसिनमध्ये पाणी किंवा टॉवेल ठेवून त्यावर धरून धुवायची, म्हणजे हातातून सुटली तरी फुटत नाही. मऊ ब्रश आणि साधा साबण. पेस्टमधल्या कणांनी चरे पडतात आणि चऱ्यांत बुरशी धरते. उकळतं पाणी नको, वाकडी होते. रात्रभर साध्या पाण्यात ठेवायची, आणि टाळू-हिरड्या ओल्या फडक्यानं पुसायच्या. चोवीस तास घालणाऱ्यांची टाळू लाल होते, तोंडाचे कोपरे फाटतात, चव जाते, आणि मग 'जेवणाला चवच नाही' सुरू होतं. जबड्याचं हाड झिजतच राहतं, त्यामुळे पाचेक वर्षांनी कवळी ढिली होणारच; आतून अस्तर लावून ती पुन्हा बसवता येते. खालची कवळी मुळात जास्त हलते. परवडत असेल तर खालच्या जबड्यात पुढं दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रुतवलेले धातूचे खुंट, बसवून त्यावर बटणासारखी अडकणारी कवळी करून घ्या. बिनदाती खालच्या जबड्यासाठी निदान एवढं तरी असावं, असं तज्ज्ञांनी २००२ पासून म्हटलंय.

आणि इतकं करूनही कवळी बसली म्हणून ताट आपोआप भरत नाही. वर्षानुवर्षांची सवय मऊ भाताची झालेली असते. नव्या कवळीबरोबर काय आणि कसं खायचं हे सांगितलं नाही तर आहार जवळपास होता तिथंच राहतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

जिभेकडेही बघा. गुळगुळीत, लाल, आग होणारी जीभ हा बी-१२ किंवा लोह कमी पडल्याचा निरोप असू शकतो. वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी किंवा ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांत आणि मांस-अंडं सोडलेल्यांत बी-१२ कमी होणं नेहमीचं. रक्त तपासल्याशिवाय 'तिखट खाल्ल्यानं झालं' म्हणू नका.

पाणी पिताना दर वेळी ठसका लागतो, जेवल्यावर आवाज ओला घरघरीत होतो, घास गालात साठून राहतो, हे दाताचं नाही, गिळण्याचं दुखणं आहे; लकव्यानंतर तर बऱ्याचदा. अशा माणसाला झोपवून चमच्यानं पेज घालणं धोक्याचं. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, पहिला घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा, आणि जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. अंथरुणाला खिळलेल्याचंही तोंड दिवसातून दोनदा साफ करायचं: दात असतील तर मऊ ब्रश, नसतील तर बोटाला गुंडाळलेलं ओलं गॉजचं फडकं, गाल, हिरड्या, जिभेवरून. डोकं कुशीवर वळवूनच, म्हणजे पाणी घशात जात नाही. अस्वच्छ तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनिया होतो. नाकातून नळीनं जेवण चालू असेल तरी हे चुकवायचं नाही. तोंड वापरात नसलं की ते उलट लवकर घाण होतं.